बारा घरांच्या चाव्या

नोकरीत तपासलेले बहुतेक गुन्हे मी आता विसरले आहे. कलमे आठवतात, माणसे आठवत नाहीत. पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवरची चांदीची चोरी मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. गुन्हा किरकोळ होता. लक्षात राहिला, कारण त्यात मी चुकले.

तेव्हा मी सहायक निरीक्षक होते. आमच्या हद्दीतल्या डोंगराकडेच्या वस्त्या दिवाळीनंतर ओस पडायच्या. माणसे ऊसतोडीला गेली की उन्हाळा लागल्यावरच परतायची. या वस्तीवर तेरा घरे. बारांना कुलूप आणि तेराव्यात एक म्हातारी. वय पंचाहत्तरच्या आसपास, नवऱ्याने तरुणपणीच टाकलेली, मूलबाळ नाही. सगळे तिला नानी म्हणत. जाताना प्रत्येक घर आपली एक चावी तिच्याकडे ठेवून जाई. दर अमावास्येला ती एकेक घर उघडायची, झाडून काढायची, दिवा लावायची आणि पुन्हा कुलूप घालायची. तिला वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक चावीला तिने त्या त्या घरातल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली होती. चिंधीवर बोट फिरवले की घर कळायचे.

एके दिवशी सकाळची हजेरी चालू असताना तिथल्या पोलीस पाटलाचा फोन आला.

“म्याडम, वस्तीवर चोरी झालीय. चोर बी सापडलाय. फकस्त तुमी या.”

“कोण?”

“नानी.”

“कोणी पाहिलं?”

“बघायला कशाला पायजे? कुलूप हाय तसं हाय. चावी तिच्याकडं. मंग दुसरं कोन?”

गाडीत बसताना मला ते पटले होते, हे इथेच कबूल करते.

फिर्यादी बाई भाचीच्या लग्नासाठी दोन दिवस गावी आली होती. सासूकडून आलेले चांदीचे गोठ आणि वाळे लग्नात घालायचे म्हणून तिने उतरंड उतरवली. तिसऱ्या मडक्यात, बाजरीत पुरून ठेवलेली पुरचुंडी गायब. बाकी घरात एक भांडेही हललेले नव्हते. मी पंचनाम्यात लिहिले की कुलूप शाबूत, घर विस्कटलेले नाही, चोराला जागा माहीत होती. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांच्यावर मी जो इमला चढवला, तो माझा होता.

मग मी गावातल्या पारावर बसले. चहा आला आणि त्याच्याबरोबर पुरावेही आले.

“नवऱ्यानं काय उगंच टाकली आसंल तिला?” एक म्हणाला.

“साऱ्या गावाला वाटतंय म्याडम. सारं गाव खोटं बोलंल व्हय?”

“मागच्या साली माजी कोंबडी गेली. तवा बी नानीच हुती वस्तीवर.”

“आणि कोंबडी कुठं होती?” मी विचारले.

“मोकळीच हुती. पन नानी हुती ना!”

“मुंगसं बी हुती की रं,” कोपऱ्यातला एक म्हातारा बोलला. सगळे हसले. पण हसून झाल्यावरही नानीच चोर राहिली.

फिर्यादीचा दीर तोडीच्या अड्ड्यावरून फोनवर बोलला. धाकटा भाऊ, त्याचे घर वस्तीवर शेजारचेच. “म्याडम, आमी तिकडं ऊस तोडायचा आन् हिनं हिकडं आमची घरं धुवायची? आज सोडलीत तर उंद्या समदी वस्ती नागवंल. अटक करा तिला.”

महिलेला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून मी महिला कॉन्स्टेबलला घेऊन नानीच्या घरी गेले. एकच खोली. खिळ्याला चाव्यांचा जुडगा. तिने पोते अंथरले, पाणी दिले आणि समोर बसली.

“नानी, घर कोण उघडतं?”

“मी.”

“आणखी कोणाकडे चावी आहे?”

“ज्याची त्याच्याकडं. न् एक माज्याकडं.”

“मडक्यातली चांदी तुम्हाला माहीत होती?”

“व्हय. तिच्या सासूनं माज्याम्होरंच ठिवली हुती.”

“मग कुठं गेली?”

“ते मला म्हाईत न्हाई.”

“तुम्ही घेतली नाही, तर कोणी घेतली ते सांगा.”

तिने पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. “बाई, मी न्हाई येवढं मला म्हाईत हाय. कोनी ते मी कसं सांगू?”

यापेक्षा सरळ उत्तर असूच शकत नाही. पण तिने दुसरे नाव दिले नाही, हेच मी तिच्या विरुद्ध धरले. तिच्यावर मी एक न केलेली गोष्ट सिद्ध करण्याची जबाबदारी टाकली आणि तिला ती पेलली नाही म्हणून तिला दोषी ठरवले. झडतीत काही मिळाले नाही. ‘विल्हेवाट लावली असावी,’ असे मी डायरीत लिहिले. मिळाले असते तरी पुरावा आणि नाही मिळाले तरी पुरावाच. निघताना चाव्यांचा जुडगा जप्त केला.

त्या वेळी ती प्रथमच घाबरली. “आवो, अवस आलीय. दिवा कसा लावू?”

“बघू,” मी म्हणाले. पोलिसांच्या तोंडी या शब्दाला फारसा अर्थ नसतो.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलाचा पुन्हा फोन. नानीने बाराही घरांच्या बंद दारांबाहेर, उंबऱ्यांवर पणत्या लावल्या होत्या. “मनात पाप हाय म्याडम, म्हनून लावल्या.”

“आणि लावल्या नसत्या तर?”

“मंग तर झालंच की! पाप हाय म्हनून लावल्या न्हाईत.”

मी फोन ठेवला. ती बाई काहीही करो, उत्तर आधीच ठरलेले होते. पाटलाची ती खोट मला लगेच दिसली. माझ्या डायरीतले वाक्य तसेच होते, ते दिसायला आणखी दोन दिवस लागले.

ते दाखवले आमच्या उपअधीक्षकांनी. अटकेची परवानगी मागायला मी कागद नेले. ते फाईल चाळून म्हणाले, “चांदी सापडली नाही, हाही पुरावाच? आणि चावीने कुलूप उघडलं म्हणता. कुठली चावी? पंचांसमोर लावून पाहिली का?” पाहिली नव्हती. चावी त्या घरची, म्हणजे लागणारच, असे मी गृहीत धरले होते. त्यांनी फाईल परत केली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोन पंच, पोलीस पाटील आणि आमचा हवालदार यांना घेऊन वस्तीवर गेले. नानी आपल्या दारातून बघत होती. हवालदाराने पाकिटाचे सील काढले, जुडग्यातली एक चावी धरली आणि कुलपात घातली.

“आवो, ती न्हवं!” नानी लांबून ओरडली. “ती हिरवी चिंधी पाटलाच्या पोराच्या घरची. तांबडी घ्या, तांबडी!”

तोवर कुलूप उघडले होते.

सगळे पाटलाकडे वळले. पाटलाच्या कपाळावर घाम आला. “म्याडम, मी न्हाई हां! माजं पोरगं दिवाळीपासनं तिकडंच हाय. देवाशपथ!”

“पाटील, चावी तुमच्या घरची. कुलूप शाबूत. मग दुसरं कोण?”

“आसं कसं म्हनता म्याडम? चावी लागली म्हनून काय मी चोर?”

“हेच मला आठ दिवसांपूर्वी सांगायला हवं होतं.”

मग एकेक करून बाराही चाव्या लावल्या. तांबडी सोडून त्यातल्या चार लागल्या. उलगडा साधा होता. तोडीला निघायच्या आधीच्या आठवड्यात सगळी वस्ती तिसगावच्या बाजारात एकाच माणसाकडून एकाच प्रकारची स्वस्त कुलपे घ्यायची. त्या मालात एकाची चावी दुसऱ्याच्या कुलपालाही लागू शकत होती. आपल्या चावीने शेजारचे दार उघडते का, हे कोणी कधी करून पाहिल्याचे ऐकिवात नव्हते. पाहायचे कारणही नव्हते. कुलपावर विश्वास नव्हताच, विश्वास नानीवर होता.

त्या चाव्यांची जोडी ज्याच्या त्याच्याकडे होती, त्यामुळे आता चार घरे संशयाखाली होती. आणि त्यातले एक फिर्यादीच्या धाकट्या दिराचे होते, सगळ्यात जोरात अटक मागणाऱ्याचे. माझे मन लगेच तिकडे धावले आणि मी ते ओढून आणले. तो ओरडतो म्हणून चोर ठरत असेल, तर मी अजून पारावरच बसले होते.

मी नानीच्या खोलीत गेले. पोते तिनेच अंथरले. या वेळी वेगळा प्रश्न विचारला. “नानी, दिवाळीनंतर वस्तीवर कोण कोण येऊन गेलं?”

तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. शाळेचे मास्तर एकदा, पोलिओवाली बाई एकदा, रस्ता चुकलेला एक टेम्पोवाला, लग्नाला आलेली फिर्यादी. आणि महिन्याभरापूर्वी, मंगळवारी, उन्हात, तो धाकटा. जीपने आला, अर्ध्या तासात गेला.

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“तुमी इचारलं व्हय? तुमी इचारलं, तू घेतली का.” मग म्हणाली, “त्यो आला की माज्याकडं चा घेतल्याबिगर जात न्हाई. लहानपनापासनं. त्या दिशी दारावरनं गेला, पन वर बघितलं न्हाई. मी चा टाकला हुता.”

“मग तेव्हाच संशय नाही आला?”

“आला की. पन चा घेतला न्हाई म्हनून त्यो चोर, आसं कसं म्हनायचं, बाई? घाईत आसंल. रुसला आसंल. म्या बघितलं थोडंच?”

मी तिचे वाक्य जबाबात लिहून घेतले. या सगळ्या प्रकरणात नीट विचार करणारी एकच व्यक्ती होती आणि तिच्याच अटकेचा कागद मी तयार केला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही ऊसतोडीच्या अड्ड्यावर पोचलो. मी त्याला चोरीबद्दल काहीच विचारले नाही. फक्त विचारले, “मागच्या महिन्यात एका मंगळवारी गावी गेला होतास?” तो नाही म्हणाला. त्याला आणणाऱ्या जीपवाल्याला गाठून घेतलेला जबाब माझ्याकडे होता. तो वाचून दाखवला. मग तो म्हणाला, गेलो होतो, पण रेशनकार्डासाठी. रेशनकार्ड त्याच्या बायकोने कोपीतल्या, त्यांच्या पाचटाच्या झोपडीतल्या, पिशवीतून काढून दाखवले. ते तिथेच होते, दिवाळीपासून. पंचांसमोर कोपीची झडती घेतली. चांदी पिठाच्या डब्यात निघाली.

“ती चोरी न्हाई,” तो म्हणाला. “माजी चावी लावून बघितली, उघडलं. चांदी माज्या आईची हाय. थोरल्याच्या बायकूनं एकटीनं का घालावी?”

“बरं. मग नानीला अटक करा म्हणून फोन कशाला केलास?”

त्याने पिठाच्या डब्याचे झाकण लावले. “तिला कोन हाय म्याडम? तिला काय फरक पडतो?”

तपासात मी शिव्या, मारामाऱ्या, रक्त पाहिले आहे. त्या वाक्याइतके थंड काही ऐकलेले आठवत नाही. आणि ते फक्त त्याचे वाक्य नव्हते. पारावर जे जे पुरावे म्हणून बोलले गेले, त्या सगळ्यांच्या तळाशी तेच होते. तिचे कोणी नाही, म्हणून तिने केले असेल. खरे म्हणजे तिचे कोणी नव्हते, म्हणून ते तिच्यावर ढकलणे सोपे होते.

दोषारोपपत्र गेले. नानीचे नाव संशयितांतून वगळले. चाव्या मुद्देमालात असल्याने न्यायालयाच्या आदेशाशिवाय परत देता येत नव्हत्या. तो आदेश यायला जवळजवळ वर्ष लागले. माझी बदली झाली होती, तरी मी तो जुडगा सही करून घेतला आणि स्वतः घेऊन गेले. जप्त मी केला होता.

वस्ती पुन्हा बंद होती. दारांवर नवी, जाड कुलपे. लोकांनी या वेळी शहाणपणाने नगरच्या दुकानातून एकेक वेगळे कुलूप आणले होते. आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, माझ्या तोंडात नगरच बसले आहे.

“नव्या चाव्या कुठं आहेत?” मी विचारले.

“ज्याच्या त्याच्याकडं. म्हनले, नानी, आता तुमचं वय झालं. कशाला तरास.”

कोणी वाईट बोलले नव्हते. माफीही मागून झाली होती. तिने चहा टाकला. मी जुडगा पुढे केला. “नानी, या आता कुठंच लागणार नाहीत.”

“म्हाईत हाय.” तिने चिंध्यांवरून बोट फिरवले. प्रत्येकीचे घर सांगितले. धाकट्याचेही. मग जुडगा पुन्हा त्याच खिळ्याला लावला.

“मग ठेवता कशाला?”

“वळखीच्या हायत.”

पुढे मी प्रशिक्षणाला येणाऱ्या नव्या फौजदारांना एकच गोष्ट सांगत राहिले. जबाब वाचताना जिथे ‘म्हणजे’ किंवा ‘म्हणून’ येईल, तिथे लाल पेन टेकवा आणि विचारा, हे त्याने पाहिले की जोडले? सगळे म्हणतात, आधीही झाले होते, ती तसलीच आहे, दुसरे कोण असणार, हे सगळे जोडलेले असते. जोडणारा बहुतेक खोटे बोलत नसतो. त्याला फक्त लवकर घरी जायचे असते. मलाही जायचे होते.

स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी नगरला एकटी राहते. सोसायटीत माझ्याबद्दल काय बोलतात ते कानावर येते. पोलिसात होती, एकटी राहते, म्हणजे स्वभाव कडकच असणार. निम्मे खरे आहे, म्हणून दुरुस्त करत बसत नाही. कोणी दारावरून वर न बघता गेले, की मनात काहीतरी जोडले जातेच. मग नानीने त्या मंगळवारी जे केले ते करते. घाईत असेल म्हणते, आणि टाकलेला चहा एकटी पिते.