काचेतलं रुखवत

चारुशीला सात वर्षांची असताना तिनं माझ्या नव्या पातळाचा काठ कापून बाहुलीला परकर शिवला होता. मी तिला धपाटा घातला आणि मग तो परकर उलटसुलट करून पाहत बसले. टाके अगदी एकसारखे होते. लग्नात आम्ही तिची शिवणाची मशीनही रुखवतात मांडली. सगळ्यांनी वाहवा केली. अकोल्याला पोचल्यावर सासूबाईंनी ती माळ्यावर चढवली. "वकिलाच्या बायकोनं लोकांची झंपरं शिवायची?"

बासष्टच्या दिवाळीला चारू माहेरी अमरावतीला आली, ती परत गेलीच नाही. मारहाण नव्हती, उपासमार नव्हती. लोकांना कारण काय सांगायचं? मी बी.ए. झालेली बाई, पण मला एक वाक्य जुळवता येईना.

यांच्या ओळखीच्या एकांनी कॅम्पातली आपली रस्त्याकडची खोली दिली. चारूनं एक मशीन भाड्यानं आणली, पुढची भिंत फोडून काच बसवली, वर पाटी लावली: 'चारुता लेडीज ड्रेसेस'. संध्याकाळी बंगल्यांतल्या बायका फिरायला निघतात. त्यांना काचेनंच आत बोलवावं, अशी तिची कल्पना. कपडे घालून उभे करायला मोठ्या शहरातले पुतळे इथं कुठले? तिनं आपल्या बाहुला-बाहुलीला नटवलं. ब्लाउजांचे पंखे केले, झबली-टोपडी ओळीनं लावली, शुभ म्हणून सजवलेला नारळ ठेवला, वर मण्यांचं तोरण. आणि या सगळ्यामागं पडद्यासारखा सोडला स्वतःच्या लग्नातला शालू.

"तो कशाला गं?" मी विचारलं.

"मागं रंग नको का, आई? पेटीत पडून काय करतोय?"

बायका थांबत, काचेला नाक लावून बघत, "हौशी आहे हो पोरगी" म्हणत आणि पुढे जात. आत कोणी येईना. मी भाजीच्या निमित्तानं दिवसातून दोनदा समोरून जाई. चारू रिकाम्या दुकानात कातरी पुसत बसलेली दिसे. हे दुकान चाललं नाही तर तिला अकोल्याला जावंच लागेल, आणि चाललं तर ती कधीच जाणार नाही. मी देवापुढं नेमकं काय मागत होते, मलाच ठाऊक नव्हतं.

एका सकाळी शेजारच्या जयवंताबाई कुंपणावरून म्हणाल्या, "काहून वो बाई, पोरीचं दुसरं लगन जमवलं अन् आमाले पत्ता नाही?"

"कोण म्हणतं असं?"

"अवघं कॅम्प म्हणून राहिलं! रुखवत मांडलं नं काचेत. मी तं उखाणाबी जुळवून ठेवला."

मी तशीच दुकानात धावले. "चारू, आधी ते उतरव."

ती रस्त्यावर येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. काचेकडं बघता बघता हसायला लागली. "म्हणून कोणी किंमत विचारत नाही होय!"

"रुखवताची किंमत कोण विचारतं?"

तिनं काही उतरवलं नाही. पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या कापून किमती लिहायला बसली. चिठ्ठ्या टाचून होतात न होतात तोच जावईबापू काचेसमोर उभे. बातमी अकोल्यापर्यंत गेली होती.

"कोणाशी?" हेमचंद्रांनी मला नमस्कारही न करता तिला विचारलं.

"दुकान आहे हे."

ते काचेकडं, चिठ्ठ्यांकडं, शालूकडं पाहत राहिले. आवाज उतरला. "चल घरी. मशीन खाली काढून देतो. घरातल्यांचं काय हवं ते शीव."

हो म्हण, हो म्हण, मी मनात घोकत होते.

तेवढ्यात दोन बायका थांबल्या. एकीनं मान उंच करून विचारलं, "ही झबली खरंच विकायची आहेत का हो?"

"हो, या ना आत." मग चारू नवऱ्याला म्हणाली, "जरा बाजूला उभे राहता का? काच झाकली जातेय."

ते बाजूला झाले. बायकांनी दोन झबली घेतली, ब्लाउजाचं माप दिलं. तेवढा वेळ ते टोपी हातात घेऊन उन्हात उभे होते. मग स्टेशनकडं निघून गेले. चारूनं वर पाहिलं नाही.

निघताना त्या बायकांतली एक म्हणाली, "आणि मागचा शालू? त्याला चिठ्ठी नाही."

चारू कापड मोजता मोजता थांबली. "तो विकायचा नाही," ती म्हणाली. "तो नुसता रंगासाठी आहे."

दुकान आता बरं चालतं. काचेतले कपडे ती दर आठवड्याला बदलते. मी अजूनही भाजीच्या निमित्तानं तिकडून जाते, आणि आधी शालू जागेवर आहे का ते बघते.