खोली गेली तरी माणसं राहतील

मंडळी, आज दुपारी डिलीटच्या बटणावर माझा हात अडकला.

आमची डिलाईल रोडची चाळ पाडली आणि सगळे पांगले. तरी सत्यनारायणाला सगळ्यांना बोलवायचंय, म्हणून चाळीच्या मंडळासाठी मी छोटा डेटाबेस बनवलाय. त्यात दोन मॉडेल, म्हणजे नोंदींचे दोन तक्ते केले, 'खोली' आणि 'रहिवासी'. प्रत्येक माणूस आपल्या खोलीला जोडलेला.

आज म्हटलं, खोल्याच नाहीत तर त्यांच्या नोंदी कशाला? पुसायला गेले तर स्क्रीन म्हणते, 'या खोल्यांना जोडलेले सगळे रहिवासीही डिलीट होतील. नक्की?'

मी मोठ्याने वाचलं. बाजूला मटार सोलत बसलेली आई उसळलीच, "अगो, खोली गेली म्हणान माणसां पण जातली?"

तसं सेटिंग मीच ठेवलं होतं. लगेच बदललं. आता खोली गेली तरी माणूस राहतो, खोलीचा रकाना फक्त रिकामा दिसतो.

रिकामा रकाना आईला काही बघवेना. "मगे थंय शेजारी कोण ता लिव," म्हणाली. म्हणून 'शेजारी' हे नवं फील्ड जोडलं आणि पहिली आईचीच नोंद उघडली.

"सुमन," ती म्हणाली.

चाळीत आमच्या शेजारच्या खोलीतली सुमनमावशी गेल्या वर्षी वारली. पण शेजारी म्हणून निवडायला तो माणूस आधी नोंदीत लागतो. मी मावशीची नोंद केली. फोन नंबर कोरा ठेवला. पुढचा रकाना आला: शेजारी?

आईने मटार बाजूला ठेवले. "माका लिव. आणखी कोणाक?"

तुमच्या रकान्यात कोणाचं नाव येईल?