सासऱ्यांची सही

रोमन कुटुंबाचं प्रकरण मी सलग नऊ वर्षं शिकवलं. तासिका तत्त्वावर, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना. घरातल्या सर्वांत थोरल्या पुरुषाच्या हातात सगळ्यांची आयुष्यं. मुलगा पन्नाशीचा झाला, लढाया जिंकून आला, तरी बाप जिवंत असेपर्यंत त्याचं स्वतःचं असं काही नाही. बाईला तर धड नावही नाही. बापाच्या कुळाचं नाव तेच तिचं, आणि दोघी बहिणी असल्या तर एक थोरली, एक धाकटी. कायद्याचा व्यवहार करायचा तर पालकाची संमती हवी आणि तो पालक पुरुषच. पुढे एका सम्राटाने सवलत दिली, तीन मुलं जन्माला घातली की पालकापासून सुटका. हे वाक्य आलं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. मीही थोडं हसायचे. नऊ वर्षं तेच सांगितलं की जिभेला सवय होते, डोक्यापर्यंत काही पोचत नाही.

ते पोचलं एका मंगळवारी, नारायण पेठेतल्या आमच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या एका खाजगी हॉस्पिटलात.

नवरा तेव्हा अमेरिकेत होता. शतक बदलताना कॉम्प्युटरची तारीख चुकणार म्हणून जगभर धावपळ चालली होती आणि पुण्यातली निम्मी हुशार पोरं ती दुरुस्त करायला विमानात बसली होती. सहा महिन्यांसाठी गेला होता, दीड वर्ष झालं होतं. घरी सासू, सासरे, मी आणि साडेचार वर्षांची मुलगी. सासरे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. शर्टाच्या खिशाला पेन, बोलणं मऊ, कोणाशीही बोलताना ‘आपण’ म्हणणारे. नातीवर त्यांचा जीव होता, हे खरंच आहे. म्हणूनच राग कुठे ठेवावा ते मला कळत नाही.

त्या दिवशी सकाळी मुलगी बालवाडीतल्या घसरगुंडीवरून पडली. डबा खायच्या आधीच. मी पोचले तेव्हा तिचा उजवा हात कोपराच्या वर भलत्याच दिशेला वळला होता आणि ती रडायची थांबली होती, ते मला जास्त भयानक वाटलं. घरी निरोप गेला. सासू-सासरे हॉस्पिटलात आले तोपर्यंत फोटो काढून झाले होते. हाडांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “हाड सरकलंय. शीर दाबली जातेय, बोटं गार पडायला लागलीत. भूल देऊन लगेच बसवायला हवं. तारा घालाव्या लागतील. पोटात काही नाहीये, ते एक बरं आहे. फॉर्म भरा, मी तयारीला लागतो.”

मी काउंटरवर गेले. फॉर्म भरला, सही केली. काउंटरवरच्या बाईंनी कागद उलटा करून माझ्याकडे सरकवला.

“वडिलांची सही लागेल.”

“वडील अमेरिकेत आहेत. मी आई आहे.”

“ते दिसतंय हो. पण पालक म्हणून वडिलांची घेतात. नाहीतर आजोबांची. मागून भानगडी होतात.”

“नऊ महिने पोटात होती तेव्हा कोणी सही मागितली नव्हती.”

“माझ्यावर नका चिडू मॅडम. मी नियम केला नाहीये.”

माझ्याच वयाची बाई होती. टेबलाच्या काचेखाली दोन लहान मुलांचा फोटो होता.

सासरे शेजारीच उभे होते. मी फॉर्म त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, सगळा फॉर्म वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. पेन खिशातच राहिलं.

“ऑपरेशन म्हणजे मोठी गोष्ट आहे,” ते म्हणाले. “त्याला विचारल्याशिवाय कसं करायचं?”

“बाबा, तिथे आत्ता मध्यरात्र आहे.”

“तेच म्हणतो मी. संध्याकाळी पाचला तो उठेल. त्याला झोपेतून उठवून काय उपयोग, दिवसभर कामाचा ताण असतो त्याला. तोवर मी आपल्या वैद्यांना भेटून येतो. शनिवार पेठेत आहेत. त्यांनी मोडलेले हात नुसत्या पट्टीवर बरे केलेत.”

मी समोरच्या बूथवरून अमेरिकेला फोन लावला. तीन वेळा. तिन्ही वेळा यंत्राने इंग्रजीत निरोप ठेवायला सांगितलं. शेवटी मी हॉस्पिटलचा नंबर सांगून ठेवला. परत आले तर सासरे फॉर्म काउंटरवर ठेवून रिक्षाने गेलेही होते. डॉक्टर दारात उभे. “ताई, अजून सही नाही? तिची बोटं पाहिलीत का?”

पाहिली होती. निळसर झाली होती. मी पुन्हा काउंटरवर गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत आवाज चढवला. काय बोलले ते नीट आठवत नाही. वर्गातली वाक्यं तोंडात येत होती एवढं आठवतं. दोन हजार वर्षांपूर्वी आईला आपल्याच मुलांचं पालक होता येत नव्हतं, असं मी त्या बाईंना ओरडून सांगत होते आणि बाकावरचे पेशंट माझ्याकडे बघत होते. बाईंनी वरच्या साहेबांना फोन लावला. साहेब जेवायला गेले होते.

तेवढ्यात सासू उठल्या.

त्या इतका वेळ मुलीच्या उशाशी बसून तिच्या कपाळावरून हात फिरवत होत्या. सातवी शिकलेल्या. पंचवीस माणसांचा स्वयंपाक एकटीने काढतील, पण दुकानदाराशी भाव करायलाही मला पुढे करायच्या. त्या आल्या, माझ्या हातातून फॉर्म घेतला, बाजूच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि माझ्या पर्समधलं पेन मागितलं. मग न थांबता, एका ओघात, त्यांनी सही केली. सासऱ्यांची. पहिल्या अक्षराचा तो मोठा वळसा, खाली दोन टिंबं, सगळं तसंच.

त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तीस वर्षं करतेय. पोरांच्या प्रगतिपुस्तकावर, रेशनच्या अर्जावर. त्यांना वेळ कुठे असायचा. दे जा.”

काउंटरवरच्या बाईंनी सही पाहिली, शिक्का मारला आणि कागद फाइलला लावला. आजोबा कुठे आहेत, हेही विचारलं नाही. माझी खरी सही त्यांना चालली नव्हती. सासूबाईंची खोटी चालली, कारण ती पुरुषाच्या नावाची होती.

पुढच्या पंधरा मिनिटांत मुलीला आत नेलं. सासरे तीनच्या सुमाराला वैद्यांकडचा लेप कागदात बांधून घेऊन आले, तेव्हा ती बाहेर येऊन झोपली होती. हाताला प्लास्टर, बोटं गुलाबी. सासू त्यांना म्हणाल्या, “झालं ऑपरेशन. तुमच्या सहीवर केलं त्यांनी.” सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग लेप पिशवीत ठेवला आणि खुर्चीत बसले.

संध्याकाळी नातेवाईक आले. “वेळ घालवण्यात अर्थ नव्हता,” सासरे त्यांना सांगत होते. “मी म्हटलं, आपण निर्णय घ्यायचा आणि सही करून मोकळं व्हायचं.” सगळ्यांनी माना डोलावल्या. सासू थर्मासमधला चहा ओतत होत्या.

पाचला हॉस्पिटलच्या नंबरवर नवऱ्याचा फोन आला. आधी तो सासऱ्यांशी बोलला, मग माझ्याशी. “बाबा होते म्हणून बरं झालं,” तो म्हणाला. “तू एकटी घाबरली असतीस.”

“सही तुझ्या आईने केली.”

“आईने? आईला कुठे सही-बिही कळते? तू दमलीयस, झोप जरा.”

मी फोन ठेवला. दमले नव्हते. इतकी जागी मी त्याआधी कधी नव्हते.

घरी आल्यावर सासूंना म्हटलं, “आई, खरं सांगूया.” त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, “सांगून काय मिळणार? त्यांना वाईट वाटेल. आणि पुढच्या वेळी सही ओळखतील.” मला त्यांचाही राग आला. इतका हुशार हात, आणि तीस वर्षं तो दुसऱ्याचं नाव लिहीत बसला. मी तसं बोलून दाखवलं. त्यांनी मान वर केली आणि कोरडेपणाने विचारलं, “माझं नाव लिहिलं असतं तर पोरीचा हात राहिला असता का?”

मी त्यांच्या शेजारी बसून भाजी निवडायला घेतली.

पुढच्या सोमवारी वर्गात तेच प्रकरण होतं. रोमन पालकांविषयी त्यांच्याच एका कायदेपंडिताने लिहून ठेवलंय की बायका चंचल असतात म्हणून त्यांना पालक हवा, हे कारण नुसतं दिसायला खरं आहे. प्रत्यक्षात बायका आपले व्यवहार आपणच करतात आणि पालक नावापुरती संमती देतो. नऊ वर्षं मी हे प्रगतीचं लक्षण म्हणून शिकवलं होतं. त्या दिवशी मला तीच सगळ्यांत संतापजनक ओळ वाटली. ते कारण खोटं आहे हे सगळ्यांना माहीत, तरी शिक्का पालकाचाच. वर्धेहून शिकायला आलेली एक मुलगी पहिल्या बाकावर बसायची. तिने विचारलं, “मॅडम, मग त्या बायका चिडत नसतील का?” मी म्हटलं, चिडत असतील, पण लिहून ठेवणारे पुरुष होते. थडग्यांवर एवढंच सापडतं की हिने घर सांभाळलं आणि लोकर कातली. त्या तासाला मागच्या बाकांवर कोणी हसलं नाही. बहुधा माझा चेहरा पाहून.

दोन महिन्यांनी नवऱ्याने आम्हा दोघींना तिकडे बोलावलं. मला मिळणार होता तो व्हिसा अवलंबिताचा, त्यावर नोकरी करता येत नव्हती. मी नाही म्हणाले. फोनवर भांडणं झाली, मग पत्रं आली, मग माझे आईवडील मध्यस्थीला आले. सासरे शांतपणे म्हणाले, “बायकोने नवऱ्याजवळ राहावं, एवढं साधं आहे.” मी म्हटलं, “नवऱ्यानेही बायकोजवळ राहावं. तेही तेवढंच साधं आहे.” त्यानंतर दोन आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत. सासूंनी मात्र त्या दोन आठवड्यांत रोज माझ्या डब्यात काहीतरी गोड घातलं.

नवरा आणखी दीड वर्षाने परत आला. पुढे खराडीत ऑफिसं उभी राहिली, तिथे त्याला चांगली जागा मिळाली, आम्ही त्या बाजूला राहायला गेलो. संसार चालू आहे. मुलीचा हात थोडा वाकडा जुळला, नीट निरखलं तरच कळतो. ती आता नोकरी करते. नवऱ्याला सहीची गोष्ट मी आणखी दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा तो म्हणाला, “असेल बाई, पण आता किती वर्षं झाली.” सासरे वारले तेव्हा भेटायला आलेल्या एका नातेवाइकाने त्यांच्या निर्णयशक्तीचं उदाहरण म्हणून नातीचं ऑपरेशन सांगितलं. सासू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली, अगदी थोडी. मी उठून आत गेले आणि स्वयंपाकघराचं दार इतक्या जोरात लावलं की बाहेरचं बोलणं थांबलं.