सीट बघून घेतलेली गाडी

माझे काका सोफे शिवतात. नवे बनवत नाहीत; बसून बसून खचलेले, मांजरांनी ओरबाडलेले सोफे लोकांच्या घरी जाऊन भरून मढवून देतात. त्यासाठी शिलाई मशीन, फोमचे तक्ते, कापडाचे गठ्ठे सगळं बरोबर न्यावं लागतं. आधीची छोटी व्हॅन पुरेना, म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांनी ती विकली, दुकानाचा गाळाही सोडला आणि तेरा वर्षं जुनी डिझेल एसयूव्ही घेतली.

बघायला जाताना मलाही नेलं होतं. मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. सूत्रं तोंडपाठ, पण बोनेटचा खटका कुठे असतो ते मला मालकाला विचारावं लागलं. काका बोनेटकडे फिरकलेच नाहीत. त्यांनी मागचं दार उघडलं, मधल्या सीटवर तळहात दाबला, सोडला आणि फोम वर यायला किती वेळ लागतो ते बघितलं. मग शिवणीवरून अंगठा फिरवला.

"कंपनीचीच शिवण. एक टाका उसवलेला नाही," ते मला हळूच म्हणाले. "ज्यानं सीट एवढी जपली, त्यानं इंजिन काय वाऱ्यावर सोडलं असेल?"

सीट कुणी जपली नव्हती. आधीचा मालक एकटाच फिरायचा आणि शेवटची अडीच वर्षं तर इंजिन बिघडून गाडी शेडमध्येच पडून होती, त्यामुळे त्या मधल्या सीटवर कुणी बसलंच नव्हतं. हे आम्हाला पहिल्या दुरुस्तीच्या वेळी मेकॅनिककडून कळलं.

"घोडा बघायला गेले आणि खोगीर पसंत करून आले," असं काकू तेव्हापासून येईल त्या पाहुण्याला सांगते.

जुन्या मोठ्या गाडीची दुखणी एकामागून एक येतात. आधी खालचे रबरी बुश झिजले आणि गाडी खड्ड्याखड्ड्याला खडखडू लागली. मग क्लच घसरायला लागला. चढावर इंजिन ओरडायचं, पण गाडी जागची हलायची नाही. मग टर्बो तेल प्यायला लागला. काका हा सगळा खर्च सोफ्यांत मोजायचे. बुश म्हणजे चार सोफे आणि एक स्टूल. क्लच म्हणजे सात सोफे. टर्बोचा आकडा त्यांनी सांगितलाच नाही, फक्त एका हॉटेलच्या सगळ्या खुर्च्यांचं काम अंगावर घेतलं. दर वेळी म्हणायचे, "आता हत्ती गेला, शेपूट राहिलं." आणि एवढा नवा क्लच घातलेली गाडी विकायची कशी, म्हणून ती ठेवायचे. क्लचच्या जागी पुढच्या वेळी टर्बो यायचा, वाक्य तेच.

गेल्या महिन्यात गाडी पाणी प्यायला लागली. सकाळी रेडिएटर भरावा, संध्याकाळी अर्धा रिकामा, आणि जमिनीवर मात्र थेंब नाही. गार इंजिन सुरू केलं की मागून पांढरा धूर. मेकॅनिकने तेलाचं झाकण काढून त्याची आतली बाजू दाखवली. दुधाळ चहासारखा चिकट थर.

"हेड गॅस्केट गेलंय. पाणी आतल्या आत तेलात उतरतंय. हेड वाकलं असेल तर तेही नवं घालावं लागेल."

त्याने आकडा सांगितला. काका बराच वेळ मनातल्या मनात भागाकार करत राहिले.

"अठ्ठावीस सोफे," ते म्हणाले. "आणि तोवर गाडी तुझ्याकडे पंधरा दिवस. मग ते सोफे काय डोक्यावरून नेऊ?"

"मग विकून टाका. आधी चार फेऱ्या मारून गरम करा. गरम झाल्यावर धूर दिसत नाही." मेकॅनिकने हात पुसले. "तुम्हालाही तशीच दाखवली असणार."

काकांनी जाहिरात दिली. गाडी गेली तर आलेल्या पैशांत एक जुनी, छोटी, पण धड व्हॅन बसत होती. काकूने तर मनातल्या मनात तिचा रंगही ठरवला होता.

रविवारी एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाई आल्या. बाईंची कंबर अधू. दर आठवड्याला दीड तास लांबच्या दवाखान्यात जावं लागायचं. काकांनी ते यायच्या आधी गाडी फिरवून आणली, रेडिएटर भरला आणि त्यासाठी गाडीत ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या स्वयंपाकघरात लपवल्या.

बाई मधल्या सीटवर बसल्या, मागे टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

"अहो, इथे दुखत नाही."

मास्तरांनी शेजारी तळहात दाबून बघितला. "सीटवरून कळतं हो, माणसानं गाडी कशी ठेवलीय ते."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी टायरकडे बघितलं.

"इंजिनचं काही काम?" मास्तरांनी विचारलं.

दारात काकू चहाचा ट्रे धरून उभी होती. तीही पुढे येईना.

"मास्तर, उद्या सकाळी सातला या," काका म्हणाले. "मी गाडीला हात लावणार नाही. चावी तुम्हीच फिरवा."

"का? आत्ता काय झालं?"

"आत्ता ती गरम आहे."

मास्तरांना काही कळेना. तेव्हा काकांनी बोनेट उघडलं, फडक्यात धरून तेलाचं झाकण काढलं आणि त्यांच्यासमोर उलटं केलं. मग सगळं सांगितलं, अगदी सोफ्यांसकट.

"आणि जाहिरातीत 'उत्तम स्थिती' लिहिलंय ते?"

"ते सीटचं."

मास्तर रागावले होते, पण बाई खाली उतरायला तयार नव्हत्या. "मग सीट तेवढी द्या," त्या म्हणाल्या.

"अगं, सीट काय देतील?"

"लोखंडी पायांवर बसवून देईन," काका लगेच म्हणाले. कामाचं बोलणं निघालं की त्यांचा आवाज मोकळा होतो. "पण घरातच बसावं लागेल हो तिच्यावर."

"मी घरातच तर असते," बाई म्हणाल्या.

काकू ट्रे घेऊन शेवटी पुढे आली. "छान. आता बिनखोगिराचा घोडा कोण घेणार?"

"तसाही कोण घेत होतं?" काका म्हणाले. "इंजिनीअर, चौदाचा पाना आण."

सीटला चार बोल्ट होते. तीन सुटले. चौथा गंजून बसला होता. काका गाडीत आडवे झाले, पाय दाराबाहेर. पान्यावर सगळा जोर देऊनही तो तसूभर हलला नाही.

"आणखी जोर लावला तर तुटेल," मी म्हणालो.

"तुटू देऊ कसा? त्याच्याबरोबर खालचा पत्राही फाटेल. उद्या फोम न्यायचाय हिच्यातूनच."

त्यांनी बोल्टवर तेल सोडलं. ते मुरेपर्यंत थांबणं भाग होतं. मास्तर आणि बाई अंगणातल्या खुर्च्यांवर चहा घेत बसले. काका मात्र गाडीतच, अर्धवट सुटलेल्या सीटला टेकून बसून राहिले.

काकू आत गेली आणि लपवलेल्या बाटल्या नळाखाली भरून घेऊन आली. एकेक करून तिने त्या गाडीत त्यांच्या पायांशी ठेवल्या.

"उद्या लागतील," ती म्हणाली.