गोदूबाईंची ऋषीची भाजी

ऋषिपंचमीला आम्ही बैलाच्या कष्टाचं काही खात नाही. माणसाने हाताने खणून पिकवलेली भाजीच त्या दिवशी चालते. रत्नागिरीला ती परड्यातच मिळायची. भाईंदरजवळच्या सिल्व्हर पार्कला राहायला आल्यावर मात्र आणायची कुठून, हा प्रश्न पडला होता. तो गोदूबाईंनी सोडवला.

गोदूबाई जवळच्याच चौक या कोळीवाड्यातल्या. मुलगा जितेश मासेमारीच्या बोटीवर जातो आणि त्या घरामागची छोटी वाडी करतात. त्या वाडीत नांगर कधी फिरला नाही. पालापाचोळा, शेण, मासळी साफ केल्यावर उरलेली डोकी नि आतडी, सगळं मातीत पुरतात. माठ, अळू, शिराळी काढून टोपली घेऊन आमच्या गेटवर येतात.

यंदा वैशाखात जितेश आईचं काम हलकं करायला गेला. मासे खारवायच्या पिंपांच्या तळाचा गाळ त्याने सगळ्या वाफ्यांवर ओतला. मासळीचंच खत ते, असं त्याला वाटलं. पण त्यात मीठच जास्त. थोड्याच दिवसांत मातीवर पांढरा थर धरला आणि माठ उभा करपला.

पोरगा वरमला, आणि मग वाडी भाड्याने देऊनच टाकू, अशा हट्टाला पेटला. एका लग्नाच्या लॉनवाल्याला खडी टाकून गाड्या लावायला जागा हवीच होती. त्याने येऊन कडेने बांबूसुद्धा ठोकले.

"ऋषीची भाजी निघाली तर वाडी ऱ्हायल," गोदूबाई म्हणाल्या. "न्हाय निघाली, तर टाक तुझी खडी."

आषाढात मी मुद्दाम चौकला गेले. भर पावसात डोक्यावर प्लॅस्टिक घेऊन गोदूबाई वाफ्यांना चर पाडत होत्या, खारं पाणी बाहेर निघावं म्हणून. चर पाडून झाला की वर गवत अंथरायच्या. मला बघून त्यांनी हाक मारली, "ये गो बाय, बघ, घोळीची भाजी आली! ही खारं सोसते. ही आली म्हंजे बाकीच्यांना वाट हाय."

जितेश दारात उभा होता. "आई, ट्रॅक्टर फिरवतो ना. वरची माती खाली, खालची वर. एका दिवसात काम!"

"नि मीठ मुळाशी घालतोस? शाणा हाय."

"मग भाईंदरच्या मार्केटमधून आण नि टोपलीत घाल. कोण बघायला येतंय?"

गोदूबाईंनी कुदळ खाली ठेवली. "ही बाय ताटापुढं हात जोडणार, नि मी तिला मार्केटची भाजी देऊ? त्यापेक्षा तुझी खडी बरी."

जितेश आत गेला.

गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी मी गेटवर जाऊन उभी राहिले. मनात देवाचं नाव चाललेलं. रिक्षा आली. गोदूबाई उतरल्या, मागून टोपली घेऊन जितेश. टोपली अर्धीच होती. लाल माठ, अळू, वर चार शिराळी.

"दोन वाफे अजून रुसलेत," गोदूबाईंनी आधीच सांगून टाकलं. "प्रत्येकीला एकेकच जुडी. भांडू नका."

शेजारची हिना पुढे झाली. ती गुजराती, त्यांच्यात ऋषिपंचमीला सामा पाचम म्हणतात. "मौसी, हमारा भी सामा पाचम है. मेरा भी रखना!"

"तेरा भी है, धक्का मत मार!"

बायकांनी एकेक जुडी घेतली, कुणी जास्त मागितली नाही. जितेश टोपली धरून सगळं बघत होता. मी त्याला विचारलं, "खडी कधी येतेय रे?"

"बघू काकी," एवढंच बोलला.

ऋषीची भाजी मी नेहमीसारखीच केली, कमी तेलात, बिनमसाल्याची. ताट वाढलं, हात जोडले. गोदूबाईंची वाडी राहू दे, एवढंच मागितलं.

विसर्जनानंतर प्रसाद द्यायला चौकला गेले. वाडीच्या कडेचे बांबू दिसेनात. आत पाहिलं, तर जितेश शिराळ्याच्या वेलाला मांडव बांधत होता, त्याच बांबूंचा. रुसलेल्या दोन वाफ्यांवर जाड गवत पडलं होतं.

"काकी, लॉनवाल्याला नको सांगितलं," सुतळी दातात धरूनच तो म्हणाला.

मागून गोदूबाई ओरडल्या, "गाठ ढिली हाय बघ तुझी. बोटीवर पण अशीच मारतोस काय?"