ग्रुपातून उठायची रीत

आमच्या घरात सकाळी सगळ्यात आधी फोन जागे होतात. माझा मुलगा न्हाणीघरातून येतो, खुर्चीत टेकतो आणि बोटाने फुलांचे चित्र सरकवून सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना सुप्रभात करतो. समोर बाप बसलेला असतो, त्याला काही नाही. एकदा मी विचारले, रे, माका कोण सुप्रभात करतलो? तर म्हणाला, बाबा, तुमकाय पाठवलंय, फोन बघा. फोन आत फळीवर होता. मला माझी सुप्रभात आणायला उठावे लागले.

मी चौथीपर्यंत शाळेत होतो. वाचता येते, पण फोनावर अक्षर शोधायला वेळ लागतो, म्हणून मी फोनात बोलून पाठवतो. माझे बोलणे लांबते असे घरचे म्हणतात. लांबणारच. माणसाला हाक मारावी, बरे-वाईट विचारावे, आंब्याच्या कलमांना मोहर कसा आहे ते सांगावे, मग कामाचे बोलावे. आमच्या मिठबावात कोणाच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, गेलो तर मी असाच बोलतो. फोनात शिरलो म्हणून रीत बदलायची काय?

जायची पण रीत असते. आपले बोलणे झाले की "बरा, येतंय" म्हणावे आणि उठावे. कामाशिवाय दुसऱ्याच्या घरात बसून राहणे मला पसंत नाही. ग्रुपातसुद्धा मी तसेच करायचो. बोलून झाले की येतंय म्हणायचे आणि बाहेर पडायचे बटण दाबायचे. ते बटण मला नातीनेच दाखवले होते, बागायतदारांच्या ग्रुपात भांडण पेटले तेव्हा. आमच्या घरच्या ग्रुपात मी उठलो की ती मला परत आत घ्यायची आणि सून हसून म्हणायची, बाबांनू, दार उघडाच आसा. मला वाटायचे, सगळीकडे असेच असते.

मग नातीचे लग्न जमले. ती देवगडात नोकरी करते, नवरा मुलगाही तिथेच नोकरीला, घर मात्र कुणकेश्वरला. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केले होते, आम्ही मागाहून पसंत केले. साखरपुड्याची तारीख त्यांच्याकडून रविवारपर्यंत यायची होती. तोवर बोलणे व्हावे म्हणून मुलाच्या बहिणीने दोन्ही घरांचा एक ग्रुप केला आणि मलाही त्यात घेतले.

घरातला मोठा म्हणून पहिले मीच बोललो. सगळ्यांना नमस्कार घातला, मुलाच्या आजीच्या गुडघ्यांची चौकशी केली, यंदा थंडी उशिरा पडली हे सांगितले आणि शेवटी म्हणालो, आता तारखेचा तुमी बघा, येतंय मी. आणि उठलो.

तिथे मला कोणी परत घेतले नाही. ग्रुपाचा मालक, म्हणजे अॅडमिन, आमच्यापैकी कोणी नव्हता आणि त्यांना वाटले, जो माणूस आपल्या पायाने उठला त्याला ओढून कसे बसवायचे? दोन्ही घरे सभ्य. सभ्यपणाने दोन्हीकडे शांतता पसरली. ठरलेला रविवार गेला, तारीख आली नाही.

सोमवारी सकाळी नात माझ्यापुढे येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. म्हणाली, "आजोबा, तुमी ग्रुपातसून उठल्यात कित्याक? तेंची आजी म्हणता, म्हाताऱ्याक ह्यां लगीन नको आसा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सोयरिकीच्या बैठकीत घरातला वडील माणूस सुपारी फुटायच्या आधी उठला, तर आमच्याकडे ते लग्न मोडते. कारण सांगावे लागत नाही. मी स्वतः एकदा भाचीच्या बैठकीतून असा उठलो आहे आणि चांगले केले. म्हातारीने बरोबर ओळखले होते. फक्त मी बैठकीतून उठलो नव्हतो, खळ्यातून उठलो होतो.

नात म्हणाली, फोन करून सॉरी म्हणा, संपलं. मी म्हटले, पाहुण्यासारखा वागलो, त्यात सॉरी कसले? ती पदराएवढ्या ओढणीने नाक पुसत आत गेली आणि तिने आतून दार लावून घेतले. त्या दाराकडे बघत माझ्याने बसवेना. मी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, पिशवीत दोन नारळ टाकले आणि कुणकेश्वरला देवाला जातो म्हणून सुनेला सांगून निघालो. देवाला गेलोही, आधी पाहुण्यांकडे गेलो इतकेच.

मुलाची आजी पडवीत चटईवर बसली होती. मला बघून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सुनेला पाणी आणायला सांगितले. मीच सुरुवात केली. सांगितले, की माझे बोलणे संपले म्हणून मी उठलो, कामाशिवाय दुसऱ्याच्या दारात किती वेळ बसायचे? तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले,

"बैठकीतसून वडील माणूस उठलो तर तुमच्यात काय म्हणतत?"

"तुमच्यात म्हणतत ताच. पण बैठक खंय होती? चटई नाय, तबक नाय. सगळी आपापल्या घरात फोन घेवन आडवी पडलेली."

म्हातारी गालात हसली. बहुतेक तीही तेव्हा आडवी पडलेली असावी. मग तिने आपली चटई मागे सरकवून मला जागा केली आणि पानाचे तबक मध्ये ओढले.

"मगे आता बसा. ही चटई, ह्या तबक. सुपारी फुटापर्यंत उठायचा नाय."

मी बसलो. मला वाटले, चहा होईल आणि फुटेल. पण मुलाचा बाप देवगडात दुकानावर, त्याला गिऱ्हाईक सोडून यायला दुपार झाली. भटजी कोणाच्या तरी वास्तूला गेलेले. माझ्या मुलाला फोन गेला, तर तो घाबरून आधी विचारतो, बाबांनी तिकडे काय केले? जेवण झाले, सोमवार म्हणून उसळ आणि सोलकढी. माझे गुडघे बोलायला लागले. एकदा मी मागच्या बाजूला जायला उठू लागलो, तर म्हातारीने विचारले, खंय? सांगावे लागले. म्हणाली, "टोपी हय ठेवा." मी टोपी चटईवर ठेवली आणि उघड्या डोक्याने माडाखालून जाऊन आलो. तेवढा वेळ आमच्या घराकडून माझी टोपी बैठकीत बसली होती.

उन्हे उतरता भटजींचा फोन लागला. तारीख निघाली, ती माझ्या मुलाने तिकडून मान्य केली. म्हातारीने अडकित्ता उचलला, सुपारी तबकात धरून फोडली आणि अर्धे खांड माझ्या हातावर ठेवले. मी ते तोंडात टाकले. आता उठू? विचारले. उठा, म्हणाली, आणि तिनेच नातवाला मला रिक्षापर्यंत सोडायला सांगितले.

सुपारी जुनी, दगडासारखी, आणि माझे दात पुढचे तेवढेच. सोयरिकीची सुपारी थुंकायची तरी कशी? गालात धरूनच देवाला नमस्कार केला आणि घरी पोचलो. बातमी आधीच पोचली असणार, तरी नात पायरीवर येऊन उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघू लागली. गालात सुपारी, मला बोलता येईना. मी आत जाऊन भिंतीवरच्या कालनिर्णयाचे पान उलटले आणि ठरलेल्या तारखेच्या चौकोनावर बोट ठेवले. तिने आपले बोट माझ्या बोटाशेजारी ठेवले आणि बराच वेळ तसेच राहू दिले.