वाणी आणि घोण
वेटोळं घातलेली वाणी, तो न चावणारा बहुपायी किडा, दिसली की मला साखरा गावातलं आमचं सोयाबीनचं ओलं रान आठवतं. आई निंदत होती, मी बांधावर दहावीचं प्राण्यांचं वर्गीकरण पाठ करत होते. निंदताना वाणी आली की आई ती हातानेच बाजूला सारायची. “ही तांबडी, लांबुडकी, वाणीच हाय का गं?” तिने विचारलं. मान वर न करता मी म्हणाले, “व्हय, वाणी काय न् घोण काय, दोघींचा संघ एकच, संधिपाद.” तिने हात घातला आणि डसली ती घोण, विषारी गोम. सेनगावच्या दवाखान्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये कोपरापर्यंत सुजलेला हात मांडीवर धरून ती म्हणत राहिली, “तुही चूक न्हाई बाई, पुस्तकात तसंच असन.” पुस्तकात तसंच होतं. आता मीच तो धडा शिकवते. पोरं दोन्ही नावं एका रकान्यात लिहितात, उत्तर बरोबर असतं, आणि तशी खूण करताना माझा हात अडतो.